मुक्तस्रोत माहितीसंचय प्रणाली

मुक्तस्रोत माहितीसंचय प्रणाली : परस्परांशी संबंधित अशी माहिती कोष्टकांच्या रूपात साठविणाऱ्या, तिच्यात भर घालणाऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या व मागणीप्रमाणे ती पुरविणाऱ्या संगणकीय प्रणालींना संबंधाधिष्ठित माहितीसंचय प्रणाली (व्यवहारात रूढ नाव डेटाबेस) म्हणतात. त्यांपैकी ज्यांची मूळ संहिता कोणासही वाचता, वापरता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, त्या मुक्तस्रोत प्रणाली होत. पोस्टग्रेस-एसक्यूएल, माय-एसक्यूएल, मारिया-डीबी व एसक्यूलाइट ह्या त्यांतील प्रमुख असून फायरबर्ड ही तुलनेने कमी प्रचारातील प्रणाली आहे. ह्या सर्व विनामूल्य मिळत असल्याने त्यांमधील निवड किंमतीवरून करता येत नाही. ती कामाचे स्वरूप, माहितीची भाषा, देखभाल करणारी माणसे आणि परवान्याच्या अटी ह्यांवरून करावी लागते. प्रस्तुत नोंदीत ही निवड स्पष्ट करण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील महसुली व ग्रंथालयीन नोंदींसारख्या कामांची उदाहरणे घेतली आहेत.

संबंधाधिष्ठित रचना : ही कल्पना मराठी वाचकास सात-बाराच्या उताऱ्यावरून सहज समजते. महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदी ठरावीक गाव नमुन्यांत ठेवतात. गाव नमुना ७ मध्ये गटाचे क्षेत्र, भोगवटादार व इतर हक्क, नमुना १२ मध्ये पिके, नमुना ८-अ मध्ये खातेदारनिहाय जमीन आणि नमुना ६ मध्ये फेरफार नोंदलेले असतात. प्रत्येक नमुना हे एक कोष्टक आणि त्यातील प्रत्येक ओळ ही एक नोंद होय. गट क्रमांक व खाते क्रमांक हे ह्या कोष्टकांना जोडणारे दुवे असतात. एकाच खातेदाराची जमीन चार गटांत असली, तरी त्याचे नाव चार ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिण्याऐवजी खाते क्रमांकाने दर्शविता येते. त्यामुळे नाव दुरुस्त करावयाचे झाल्यास एकाच ठिकाणी बदल पुरतो आणि चार ठिकाणी चार प्रकारची नावे राहण्याचा धोका टळतो.

माहितीची अशी मांडणी करण्याचा सिद्धांत एडगर फ्रँक कॉड ह्या गणितज्ञाने आयबीएम कंपनीच्या सॅन होसे (कॅलिफोर्निया) येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० मध्ये मांडला. माहिती तबकडीवर कोठे व कशी ठेवली आहे, हे वापरणाऱ्यास ठाऊक असण्याची गरज नाही. काय हवे एवढेच त्याने सांगावे व ते कसे शोधावयाचे हे प्रणालीने ठरवावे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. ह्या तत्त्वावर आयबीएममध्येच १९७४ च्या सुमारास तयार झालेली पृच्छाभाषा पुढे एसक्यूएल ह्या नावाने प्रसिद्ध झाली. तिला अमेरिकेत १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८७ मध्ये प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. येथे विचारात घेतलेल्या सर्व प्रणाली हीच भाषा, थोड्याफार फरकाने, समजतात.

व्यवहार व नियम : माहितीसंचयाची खरी कसोटी माहिती बदलताना लागते. एखाद्या गटातील ४ हेक्टर जमिनीपैकी १ हेक्टर २० आर जमीन विकली गेली, तर विकणाऱ्याच्या नावे २ हेक्टर ८० आर राहिले पाहिजेत आणि घेणाऱ्याच्या नावे १ हेक्टर २० आर लागले पाहिजेत. पहिला बदल होऊन दुसरा होण्यापूर्वी वीज गेली, तर दप्तरी १ हेक्टर २० आर जमीन कोणाचीच राहणार नाही. म्हणून असे बदल एकसंध मानावे लागतात. ते एकतर सर्व होतात किंवा एकही होत नाही. अशा एकसंध बदलास माहितीसंचयाच्या परिभाषेत व्यवहार म्हणतात. वरील चारही प्रणाली असे व्यवहार हाताळू शकतात.

व्यवहाराइतकेच महत्त्व नियमांना असते. क्षेत्र ऋण असू नये, अस्तित्वात नसलेल्या खात्यावर जमीन चढू नये, एकाच गावात एकच गट क्रमांक दोनदा येऊ नये, असे नियम प्रणालीलाच सांगून ठेवता येतात. ते केवळ नोंदणीच्या पडद्यावर तपासले, तर दुसऱ्या मार्गाने चुकीची माहिती आत शिरते. ह्या बाबतीत प्रणालींचे स्वभाव भिन्न आहेत. पोस्टग्रेस-एसक्यूएल प्रारंभापासून नियमांबाबत काटेकोर मानली जाते. माय-एसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या स्तंभात न मावणारा मजकूर मुकाट्याने कापून टाकीत. २०१५ मधील ५.७ आवृत्तीपासून अशी चूक झाल्यास मूलतःच नकार मिळतो. मूल्य तपासणीचे नियम माय-एसक्यूएल पूर्वी वाचून सोडून देत असे. त्यांची अंमलबजावणी २०१९ मधील ८.०.१६ ह्या आवृत्तीपासून होऊ लागली. मारिया-डीबीत ती त्याआधीच सुरू झाली होती. एसक्यूलाइटमध्ये कोष्टकांमधील दुव्यांची तपासणी मूलतः बंद असते व प्रत्येक जोडणीच्या वेळी ती चालू करावी लागते. शिवाय अंकांच्या स्तंभात अक्षरेही साठविली जाऊ शकतात. काटेकोर कोष्टकांची सोय तिच्यात २०२१ मध्ये झाली. जुन्या आवृत्तीवर चालणारा माहितीसंचय वारसा म्हणून मिळाल्यास आत अशी दोषयुक्त माहिती आधीच साठलेली असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

प्रमुख प्रणाली : पोस्टग्रेस-एसक्यूएलचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधनात आहे. मायकेल स्टोनब्रेकर ह्यांनी तेथे १९७० च्या दशकात इंग्रेस व १९८६ पासून पोस्टग्रेस हे प्रकल्प चालविले. त्यात एसक्यूएलची भर पडल्यावर १९९६ मध्ये सध्याचे नाव प्रचारात आले. ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नसून जगभरातील विकसकांचा समूह ती सांभाळतो. तिच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या पुरविल्या जातात.

माय-एसक्यूएलची निर्मिती १९९५ मध्ये स्वीडनमधील एका कंपनीत झाली. मायकेल विडेनियस व डेव्हिड ॲक्समार्क हे तिचे प्रमुख जनक होत. रचना सोपी व वाचनाचा वेग चांगला असल्याने संकेतस्थळांसाठी तिचा झपाट्याने प्रसार झाला. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने सु. १०० कोटी डॉलरना ती विकत घेतली आणि २०१० मध्ये सन कंपनीच ऑरॅकल कंपनीच्या ताब्यात गेली. ऑरॅकल स्वतः मोठा व्यापारी माहितीसंचय विकत असल्याने माय-एसक्यूएलच्या भवितव्याविषयी शंका उत्पन्न झाली. विडेनियस ह्यांनी २००९ मध्ये तिच्याच मूळ संहितेपासून मारिया-डीबी ही शाखा काढली. दोन्ही प्रणालींची नावे त्यांच्या मुलींच्या नावांवरून आली आहेत. आरंभी एकीच्या जागी दुसरी सरळ बसविता येई. पुढे दोघींची वाढ वेगवेगळ्या दिशांनी झाल्यामुळे आता तसे गृहीत धरता येत नाही.

एसक्यूलाइट डी. रिचर्ड हिप ह्यांनी २००० मध्ये तयार केली. तिला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. संपूर्ण माहितीसंचय एकाच फाइलीत मावतो व ती फाइल दुसऱ्या संगणकावर उचलून नेता येते. जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये ती असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीच्या दीर्घकालीन जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत तिचा समावेश केला आहे. मात्र तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येते आणि जाळ्यावरील सामाईक कप्प्यात फाइल ठेवून अनेक संगणकांवरून लिहिणे धोक्याचे ठरते.

कामाचे आकारमान : निवड करताना वेगाला अवाजवी महत्त्व दिले जाते. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी. आणि लोकसंख्या २५,८६,२५८ (२०११) आहे. सु. १,४०० गावांत प्रत्येकी सरासरी १,००० गट धरले, तरी गटांच्या नोंदी १४ लाख होतात. एका नोंदीस एक किलोबाइट धरल्यास सर्व मिळून १.४ गिगाबाइट जागा लागेल. हे प्रमाण आजच्या सामान्य संगणकालाही जड नाही आणि वरील चारही प्रणाली ते लीलया पेलतात. त्यामुळे जिल्हा पातळीवरील बहुतेक कामांत कोणती प्रणाली अधिक वेगवान हा प्रश्न गौण ठरतो. एकाच वेळी किती जण लिहिणार, हा प्रश्न मात्र निर्णायक असतो. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर अशा तेरा ठिकाणांहून दिवसभर नोंदी होणार असतील, तर एसक्यूलाइट बाद ठरते. उलट, जाळे पोहोचत नसलेल्या शिवारात एका माणसाने फोनवर पिकांची नोंद करून सायंकाळी ती तालुक्याला पाठवावयाची असेल, तर तीच सर्वांत योग्य ठरते. महाराष्ट्रात ई-पीक पाहणीच्या रूपाने शेतकऱ्याने स्वतः फोनवरून पीक नोंदविण्याची पद्धत २०२१ मध्ये राज्यभर लागू झाली. त्यामुळे शेताच्या बांधावर होणारी नोंद आणि मध्यवर्ती दप्तर ह्यांचे कार्य भिन्न असल्याचे स्पष्ट झाले. अशा दोन कामांसाठी दोन प्रणाली वापरण्यात विसंगती नाही.

नकाशांची माहिती : जमिनीच्या नोंदींना नकाशाची जोड असेल, तर पोस्टग्रेस-एसक्यूएलचे पारडे जड होते. पोस्ट-जीआयएस ही तिची भौगोलिक पुरवणी २००१ पासून उपलब्ध आहे. लोणार येथील उल्काविवराचा व्यास सु. १.८ किमी. असून तेथील सरोवरास २०२० मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ह्या सरोवराच्या काठापासून ठरावीक अंतराच्या आत कोणते गट येतात, त्यांवर कोणाची नावे आहेत व तेथे कोणती पिके घेतली जातात, हे तीन प्रश्न पोस्ट-जीआयएसमध्ये एकाच पृच्छेत विचारता येतात. माय-एसक्यूएल व मारिया-डीबीमध्ये भौगोलिक सोयी आहेत, पण त्या तुलनेने मर्यादित आहेत. एसक्यूलाइटलाही अशी पुरवणी जोडता येते.

मराठी मजकूर : परदेशी मार्गदर्शक ग्रंथांत दुर्लक्षित राहणारा, पण महाराष्ट्रात महत्त्वाचा ठरणारा निकष म्हणजे देवनागरीची हाताळणी. युनिकोडच्या प्रचलित साठवण पद्धतीत (यूटीएफ-८) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘बुलढाणा’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरी दिसला, तरी त्यात सात चिन्हे असून त्याला २१ बाइट लागतात. नावासाठी स्तंभाची लांबी ठरविताना इंग्रजीचा हिशेब धरल्यास लांब नावे मावत नाहीत.

माय-एसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ ह्या नावाने दीर्घकाळ मिळणारा संच प्रत्यक्षात तीन बाइटांपुरताच होता. देवनागरी त्यात बसे. परंतु २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना चार बाइट लागतात. जुन्या मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर मूळ पाठासह साठवावयाचे असल्यास चार बाइटांचा संच जाणीवपूर्वक निवडावा लागे. २०१८ मधील ८.० आवृत्तीपासून तो मूलतःच लागू असतो.

वर्णक्रमाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो व त्यानंतर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात. युनिकोडमधील क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ ह्यांच्या मध्ये आहे, तर ‘क्ष’ हे ‘क’ पासून सुरू होणारे जोडाक्षर आहे. केवळ चिन्हक्रमांकावर विसंबल्यास मतदारांची किंवा ग्रंथांची यादी मराठी कोशाच्या क्रमाने लागत नाही. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये २०१७ मधील १० व्या आवृत्तीपासून आयसीयू ह्या बहुभाषिक ग्रंथालिकेचा वर्णक्रम वापरता येतो व २०२३ मधील १६ व्या आवृत्तीपासून त्याचे नियम स्वतः ठरविता येतात. माय-एसक्यूएलमध्ये मराठीसाठी खास वर्णक्रम दिलेला नाही. तिच्या मूलभूत वर्णक्रमात स्वरभेदक खुणांकडे दुर्लक्ष केले जाते. अशा क्रमात ‘रग’ व ‘रंग’ किंवा ‘वश’ व ‘वंश’ ह्यांसारखे केवळ अनुस्वाराने भिन्न असलेले शब्द एकच मानले जातात काय, हे प्रत्यक्ष माहितीवर आधी तपासून घ्यावे. एसक्यूलाइट पुरवणीवाचून केवळ बाइटांची तुलना करते.

वर्णक्रम बाहेरच्या ग्रंथालिकेकडून घेण्यात एक धोकाही आहे. २०१८ मध्ये लिनक्स प्रणालीच्या मूलभूत ग्रंथालिकेतील वर्णक्रम बदलले, तेव्हा जुन्या क्रमाने रचलेल्या पोस्टग्रेस-एसक्यूएलच्या सूची नव्या क्रमाशी जुळेनाशा झाल्या व असलेल्या नोंदी न सापडण्याचे प्रकार घडू शकले. सूची पुन्हा रचणे हा त्यावरील उपाय होय. ह्याखेरीज ‘ॲ’ हे अक्षर एका चिन्हाने किंवा ‘अ’ व चंद्र अशा दोन चिन्हांनी टंकित करता येते. दिसावयास सारखीच असलेली ही दोन रूपे संगणकास भिन्न वाटतात व युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एकरूप होत नाहीत. हा दोष कोणतीच प्रणाली आपोआप दूर करीत नाही. नोंद घेतानाच एक रूप ठरवावे लागते.

परवाना व मालकी : पोस्टग्रेस-एसक्यूएलचा परवाना अत्यंत उदार असून तिच्यात बदल करून ती विकण्यासही आडकाठी नाही. माय-एसक्यूएल व मारिया-डीबी जीपीएल परवान्याखाली मिळतात. बदललेली प्रणाली इतरांना वितरित केल्यास तिची मूळ संहिताही द्यावी, अशी त्याची अट आहे. स्वतःच्या कार्यालयात वापरणाऱ्यास ती बाधत नाही. माय-एसक्यूएल ही व्यापारी परवान्याखालीही विकली जाते. एसक्यूलाइटवर लेखकांनी कोणताच हक्क राखून ठेवलेला नाही. पन्नास वर्षे टिकावयाच्या दप्तरासाठी मालकीचा विचार आवश्यक आहे. माय-एसक्यूएलचे दोनदा झालेले हस्तांतर हे त्याचे बोलके उदाहरण होय. परंतु संहिता मुक्त होती म्हणूनच मारिया-डीबीची शाखा निघू शकली, हेही लक्षात घ्यावे लागते.

भारतातील वापर : भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. आधार यंत्रणेतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. ह्या यंत्रणेत इतर मुक्तस्रोत साधनांबरोबर माय-एसक्यूएलचा उपयोग केलेला आहे. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या ई-ग्रंथालय प्रणालीची तिसरी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल-सर्व्हरवर आधारित होती, तर चौथी पोस्टग्रेस-एसक्यूएलवर आधारित आहे. कोहा ही ग्रंथालय प्रणाली माय-एसक्यूएल किंवा मारिया-डीबीवर चालते. ह्यावरून निवडीचा एक व्यावहारिक नियम निघतो. शेगाव, खामगाव किंवा बुलढाणा येथील एखाद्या ग्रंथालयाने कोहा स्वीकारल्यास त्याच्या माहितीसंचयाचा प्रश्न तेथेच सुटतो. तयार आज्ञावली जी प्रणाली मागते तीच वापरणे शहाणपणाचे असते; स्वतंत्र निवडीचा प्रश्न नवी आज्ञावली लिहिताना उद्भवतो.

देखभाल : मुक्तस्रोत म्हणजे बिनखर्ची नव्हे. परवान्याचे शुल्क वाचले, तरी प्रतिलिपी, सुरक्षितता, आवृत्तिबदल व प्रशिक्षण ह्यांचा खर्च राहतो. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये कालबाह्य नोंदींची सफाई नियमित व्हावी लागते आणि मुख्य आवृत्ती बदलताना माहितीचे स्थलांतर योजावे लागते. माय-एसक्यूएल व मारिया-डीबीची प्राथमिक व्यवस्था सोपी असून त्यांची माहिती असलेले लोक जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळतात. माय-एसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. अशा आवृत्तीवर चालू असलेले काम सुरक्षित समजता येत नाही. ज्या कार्यालयात एकच जाणकार आहे, तेथे त्याला नीट येणारी प्रणाली ही सिद्धांततः श्रेष्ठ, पण अपरिचित प्रणालीपेक्षा बहुधा अधिक सुरक्षित असते. तथापि त्या एका माणसाची बदली झाल्यावर काय, ह्याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते.

निवडीची पद्धती : प्रथम तयार आज्ञावलीची अट आहे काय ते पाहावे. नसल्यास, एकच लेखक किंवा एकच उपकरण असेल तर एसक्यूलाइट. अनेक लेखक, कडक नियम, नकाशे किंवा मराठी वर्णक्रम ह्यांची गरज असेल तर पोस्टग्रेस-एसक्यूएल. मुख्यतः वाचनाचे संकेतस्थळ व सहज उपलब्ध मनुष्यबळ हे विचार प्रबळ असतील तर मारिया-डीबी किंवा माय-एसक्यूएल, असा सर्वसाधारण क्रम लावता येतो. त्यानंतर एका गावाच्या खऱ्या नोंदी घेऊन चार चाचण्या कराव्यात : फेरफार अर्ध्यावर असताना वीज तोडणे, चुकीचे क्षेत्र भरून पाहणे, नावांची यादी मराठी क्रमाने लावणे आणि प्रतिलिपीवरून दुसऱ्या संगणकावर सर्व माहिती पुन्हा उभी करणे. शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची होय. कारण जी प्रतिलिपी कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. माहिती साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येते, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तर माहितीसंचयाची एखादी आवृत्ती पाच-दहा वर्षांत जुनी होते. म्हणून ज्या प्रणालीत माहिती निर्दोष राहते व जिच्यातून ती केव्हाही पूर्णपणे काढून घेता येते, ती त्या कामासाठी योग्य प्रणाली समजावी.